न झोपणाऱ्याची गाडी

कलिलेगी, ३ मार्च १९९६

मुर,

सलाम. ईदला तू आली नाहीस. दवाखान्यात ड्यूटी होती हे तुझ्या वहिनीला, रुमीला पटलं, मला नाही. तुझ्या वाटणीचं कोंबडं मी खाल्लं आणि तुझ्या नावाने ढेकरही दिली.

आता बातमी ऐक, हसू नकोस. तुझा भाऊ साधुपुरुष झाला आहे.

मला झोप येत नाही. तुला आधी सांगितलं नव्हतं, आता सांगतो. पावसाळ्याच्या तोंडापासून हे चाललंय. पाठ टेकली की डोळा लागतो, आणि मध्येच कुणी हलवून उठवावं तशी जाग येते. मग मी दारातल्या बाकड्यावर जाऊन बसतो आणि एक क्रेतेक सिगारेट पेटवतो. लवंग तडतडते, जिवाला बरं वाटतं. ती संपली की दुसरी. उजाडेपर्यंत हेच. शेजारच्या म्बाह कर्तोला वयामुळे सारखं लघवीला उठावं लागतं. त्याने मला असं बसलेलं रोज पाहिलं, आणि ईदच्या बैठकीत सगळ्या गावासमोर म्हणाला, "गियार्तो तिराकात करतोय. झोप सोडलीय पोरानं. माझ्या बापाच्या पिढीनंतर एवढं कडक व्रत या गावात कुणी केलं नाही." मी काही बोललो नाही. तोंडात केक होता.

तेव्हापासून बारशाचं जागरण असो की मयताच्या सात रात्री, मला मधल्या चटईवर बसवतात. पुढ्यात पेला ठेवतात, त्यात सिगारेटी उभ्या. पहाटे पराकानच्या बाजाराला कोबी-मिरची घेऊन जाणाऱ्या बायका आता माझ्याच गाडीत बसतात, पार्दीच्या गाडीकडे ढुंकून बघत नाहीत. सामी म्हातारी म्हणते, "जो झोपतच नाही, त्याला गाडी चालवताना डुलकी कुठून लागणार?" पार्दी रिकाम्या गाडीत बसून मला शिव्या घालतो. एरवी सगळं बरं आहे.

तुझा कांग,
गियार्तो


सेमारांग, १४ मार्च १९९६

कांग,

तू आणि तिराकात? आप्पांच्या मयताच्या तिसऱ्या रात्री दुआ चालू असताना भिंतीला टेकून घोरणारा माणूस कोण होता? मशिदीच्या पाक मोदिनने दुआ थांबवून तुझ्याकडे पाहिलं होतं, आणि आईने तुला चिमटा काढला तर तू "आमीन" म्हणून ओरडलास. म्बाह कर्तोला हे आठवत नसेल तर मी येऊन आठवण करून देते.

हसून झालं. आता नीट उत्तर दे. दिवसाला किती ओढतोस? निजायच्या आधी शेवटची कधी? जाग आल्यावर आधी काय होतं, खोकला येतो की हात पाकिटाकडे जातो?

तुझं उत्तर मला माहीत आहे म्हणून विचारते. मी छातीच्या रोगांच्या वॉर्डात आहे. आमच्याकडची निम्मी माणसं "झोप लागत नाही हो सिस्टर" म्हणतात, आणि तीच माणसं मागच्या जिन्यात जाऊन ओढताना सापडतात. डॉक्टर सांगतात ते साध्या भाषेत असं, की तंबाखू अंगाला जागं करते. बरं वाटतं ते खरं, पण आतून मेंदूला हलवत राहते. तिची सवय झालेलं अंग रात्रभर उपाशी राहिलं की मागायला उठतं. तुला कोण हलवून उठवतं विचारतोस ना? तीच उठवते. आणि तू उठून तिलाच जेवायला वाढतोस, मग परत झोप येणार कशी?

झोप नको म्हणून जागणारा माणूस वेगळा, आणि झोप हवी असून जागणारा वेगळा. तू कुठला हे तुला कळतंय, गावाला नाही. सोड ती. सोडवत नसेल तर निदान मगरीबच्या नमाजानंतर हात लावू नकोस. म्बाक रुमीला माझा सलाम.

मुर


कलिलेगी, २५ मार्च १९९६

मुर,

शिकली आणि शहाणी झाली! ज्या तंबाखूने तुझी नर्सिंगची फी भरली, तिलाच तू आता चोर ठरवलंस. या डोंगराच्या उतारावर कुठल्या घरावरचं कौल तंबाखूने घातलेलं नाही, सांग. आजोबा ओढत होते, म्हशीसारखे झोपायचे. मलाच काय ते पाप लागलं?

आणि नाही म्हणू कसं, हेही डॉक्टरला विचारून कळव. यजमान दोन्ही हातांनी पेला पुढे करतो. त्याच्या घरात मूल जन्मलंय, किंवा बाप गेलाय. "मला नको" म्हणणं म्हणजे तुझं घर मला नको म्हणणं. तुमच्या सेमारांगला चालत असेल.

तू विचारलंस म्हणून सांगतो, हात पाकिटाकडे आधी जातो. खोकला नंतर. पण मला थकवा वगैरे काही नाही. दिवसा जरा डोळे चुरचुरतात, एवढंच.

परवा गंमत झाली. वळणावर कुत्रं आडवं आलं, ब्रेक दाबावा लागला, कोबीची दोन पोती दरीत गेली. बायकांनी आरडाओरडा केला. कुत्रं वाचलं.

गियार्तो


कलिलेगी, ३१ मार्च १९९६

मुर बाई,

माझं अक्षर वाईट आहे, सांभाळून घे. हे पत्र लिहिलं हे तुझ्या कांगला कळू देऊ नकोस.

त्यांचं पत्र मी पेटीत टाकायच्या आधी वाचलं. कुत्रं नव्हतं. मी त्यांच्या मागच्याच बाकावर होते, मिरच्या घेऊन चालले होते. समोरच्या आरशात त्यांचे डोळे मला दिसत होते. डोळे उघडे होते मुर, पण त्या डोळ्यांत ते नव्हते. वळण आलं आणि गाडी वळली नाही. सामी म्हातारी किंचाळली तेव्हा ते जागे झाले आणि गाडी अशी फिरवली की मागचं दार उघडून पोती गेली. पोत्यांच्या जागी सामी बसायची असते. त्या दिवशी पाय दुखतो म्हणून पुढे आली होती.

आणि बायका काय म्हणाल्या ठाऊक आहे? म्हणाल्या, गियार्तोला वाटेत काहीतरी दिसलं जे आपल्याला दिसत नाही, त्याने त्याला वाट दिली, म्हणून आपण वाचलो. सामीने उतरल्यावर त्यांचा हात कपाळाला लावला. तेही लावू देत उभे राहिले. घरी येऊन बाहेर बसून ओढत राहिले.

तुझ्यापाशी खोटं बोलत नाही. मला हे सगळं आवडत होतं. मूल नाही म्हणून या बायकांनी मला किती वर्षं मागे उभं केलं, तू पाहिलंयस. आता नळावर माझी घागर पहिली लागते. लग्नात मला आत बोलावून भात शिजवायला पहिली मूठ घालायला सांगतात. मी कुणाला सांगितलं नाही की ते जागरण नाही, आजार आहे. उलट कुणी विचारलं तर मान खाली घालून हसायचे. आता भीती वाटते. पहाटे गाडीचा आवाज लांब गेला की मी परत येईपर्यंत चुलीजवळ नुसती बसून राहते. तू काहीतरी कर. तुझं ते ऐकतात.

रुमिनाह


सेमारांग, ८ एप्रिल १९९६

कांग,

आमच्या वॉर्डात एक ट्रकवाला आला आहे. बरगड्या मोडल्यात. उघड्या डोळ्यांनी झोपला होता म्हणतो. त्याच्या शेजारी बसलेला मेहुणा आता नाही. तो दिवसभर छताकडे बघतो आणि मला विचारतो, "सिस्टर, मी जागा होतो ना?" काय सांगू त्याला?

तुझ्या गाडीत आपल्या आईच्या वयाच्या बायका बसतात. तू त्यांना खाली उतरवून सांग, की हे व्रत नाही, मला झोप येत नाही, मी आजारी आहे. आणि तंबाखू आजच्या आज सोड, एकदम. दोन दिवस जड जातील, तिसऱ्या दिवशी लहान पोरासारखा झोपशील. मी सांगते ना.

तू माझी पाटी-पेन्सिल खांद्यावर घेऊन डोंगर उतरायचास. तुझ्याकडे मी कधी काही मागितलं नाही. आता मागते आहे.

मुर


कलिलेगी, २८ एप्रिल १९९६

मुर,

सोडली. तू मागितलंस म्हणून सोडली. तुझा तिसरा दिवस कुठे आहे?

दोन आठवडे होऊन गेले. आधी मध्येच जाग यायची, आता डोळाच लागत नाही. लागला तर अशी स्वप्नं पडतात की ओरडत उठतो. हात कापतात. परवा भात गार होता म्हणून थाळी भिंतीवर फेकली. रुमीने भात वेचला, ते बघून मला रडू आलं. बाकड्यावर बसतो आणि हाताला करायला काही नाही म्हणून दाराच्या चौकटीचा रंग खरवडतो. अर्धी चौकट उघडी पडली.

तुझं दुसरंही ऐकलं. पाक मोदिनकडे जेवण होतं, तिथे उभा राहून सांगितलं, "मी तिराकात करत नाही. मला झोपेचा आजार झालाय, बहीण नर्स आहे, तिने सांगितलंय. माझ्या गाडीत बसू नका." मला वाटलं, सुटलो. तर म्बाह कर्तो डोळे पुसत म्हणाला, "बघा. ज्याला मिळतं तो असंच बोलतो. फुशारकी मारतो तो खोटा, नाही म्हणतो तो खरा." मग यजमानाने पेला पुढे केला, आणि मी हात जोडून नको म्हटलं. तेव्हा तर कहरच झाला. तंबाखूच्या गावात तंबाखूही सोडली! झोप सोडली, आता धूरही सोडला! खालच्या वाडीपर्यंत बातमी गेली. आता तिकडच्या बायकाही पहाटे येऊन उभ्या राहतात. मी म्हणतो बसू नका, त्या हसतात आणि बसतात. "तू चालव रे, आम्हाला ठाऊक आहे." टपावर पोती, आत पोती, मधे बायका, आणि कुणाच्या चेहऱ्यावर जराही भीती नाही. एवढा विश्वास माझ्यावर आप्पांनीही ठेवला नव्हता.

गाडी नाही काढली तर दारात येऊन बसतात. कोबी सुकत असतो. पार्दीकडे जा म्हणतो, तर म्हणतात, तो रात्रभर घोरतो.

हसू येतंय का तुला? मलाही आलं होतं, आधी. काल उतारावर दोनदा असं झालं, की मधला रस्ता मला आठवतच नाही. आधीचं वळण आठवतं आणि एकदम बाजार.

गियार्तो


सेमारांग, ५ मे १९९६

कांग,

माझं चुकलं. मी डॉक्टरांना नीट न विचारता लिहिलं. आज विचारलं. सोडल्यावर पहिले काही आठवडे झोप आणखी बिघडते म्हणाले, कुणाची महिनाभरही. मग हळूहळू येते, आणि खरी येते. परत ओढू नकोस, तुझं निम्मं अंतर चालून झालंय. पण तोवर गाडी चालवू नकोस. ऐक माझं. टायरमधली हवा सोड, किल्ली म्बाक रुमीकडे दे, तिला सांग विहिरीत टाक. कोबी सुकला तर सुकू दे. गावाला काय वाटायचं ते वाटू दे.

रजा मिळत नाही. रोज संध्याकाळी पोस्टमनची वाट बघते, आणि तो आला की पाकीट उघडायचा धीर होत नाही.

मुर


कलिलेगी, २२ मे १९९६

मुर बाई,

घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. पण जे झालं ते मी केलं, म्हणून मीच लिहिते.

तुझं पत्र आल्यावर किल्ली त्यांनी मला दिली. मी तांदळाच्या डब्यात लपवली. चार-पाच दिवस बायका दारात बसून गेल्या. मग म्बाह कर्तो आला आणि म्हणाला, सुरो महिना लागतोय, वर्षाची पहिली रात्र सगळं गाव जागवणार, गियार्तोने मधे बसायचं. त्या रात्री जो खरा जागतो त्याचं पुण्य सगळ्या पिकाला लागतं. आणि सकाळी तंबाखूची रोपं घेऊन पहिली गाडी त्यानेच हाकायची. तुझे कांग म्हणाले, "नको." पण त्यांना उचलून नेल्यासारखं नेलं.

मशिदीपुढच्या अंगणात चटया घातल्या होत्या. सगळं गाव होतं. ते मधे, नवं सारोंग नेसून. मी बायकांत पहिल्या रांगेत. दुआ झाली, भात वाटला, गोष्टी सुरू झाल्या. आणि मी पाहिलं की त्यांची मान जराशी कलली. आधी मला आजार वाढला असं वाटलं. मग त्यांचे खांदे सैल पडले, तोंड उघडलं, आणि ते घोरायला लागले. महिनाभरात तो आवाज मी ऐकला नव्हता.

पोरं फिदीफिदी हसली. कुणीतरी म्हणालं, "अरे, हा तर झोपला!" म्बाह कर्तो माझ्याकडे वळला. हळूच म्हणाला, "उठव त्याला, बाई. लवकर उठव, मी सांगतो समाधी लागली होती."

हात लावला असता तर सगळं राहिलं असतं मुर. घागर, पहिली मूठ, सगळं. तो सावरून घेणार होता, लोकांनाही तेच हवं होतं. सगळे माझ्या हाताकडे बघत होते.

मी उठले, त्यांच्या डोक्याखाली माझी ओढणी घातली आणि म्हणाले, "कुणी आवाज करू नका. माझ्या नवऱ्याला झोप लागलीय."

सामी चटईवर थुंकली आणि उठली. मग एकेक करून बाकीचे गेले. मी उजाडेपर्यंत त्यांच्या उशाशी बसले. ते उठले तेव्हा अंगण रिकामं होतं. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि मला विचारलं, "किती वेळ?" मी म्हणाले, "पुष्कळ." तेव्हा ते चटईवर बसून लहान मुलासारखे रडले. मी पण. मला राग आला होता, लाज वाटत होती, आणि सुटल्यासारखंही वाटत होतं. काय जास्त होतं ते अजून कळलं नाही.

आता नळावर माझी घागर शेवटची असते.

रुमिनाह


कलिलेगी, १६ जून १९९६

मुर,

झोपतो आहे. रोज नाही, पण लागली की सकाळपर्यंत. खोकला कमी झालाय. तोंडाला चव आली, रुमीच्या आमटीत मीठ जास्त असतं हे मला लग्नानंतर पहिल्यांदा कळलं. तिला सांगितलं तर म्हणाली, परत ओढायला लाग.

आता गाडी चालवायला माझ्याइतका लायक माणूस या डोंगरावर नाही, आणि माझ्या गाडीत कुणी बसत नाही. मी पहाटे गाडी पुसून उभी करतो. बायका डोक्यावर पाट्या घेऊन पुढून जातात. "झोप झाली का रे?" सामी विचारते. सगळ्या हसतात आणि पार्दीच्या गाडीत चढतात.

मला त्याचं वाईट वाटतं, पण भीती दुसरीच आहे. पार्दीने माझं सगळं पाहिलं होतं. गिऱ्हाईक कशाने जातं आणि कशाने येतं हे त्याला कळलं. आता तो रात्रभर दारात बसून राहतो. बारशाला, मयताला, सगळीकडे तो मधल्या चटईवर, पुढ्यात सिगारेटींचा पेला, ओठात एक, कानावर एक. आधी ढोंग होतं. आता त्याचे डोळे मी पाहतो, मुर. ढोंग राहिलेलं नाही. मी जाऊन त्याला बाजूला घेतलं, म्हणालो, "पार्दी, हे तुला वाटतं तसं नाही. मी दरीच्या कडेपर्यंत जाऊन आलोय." तो म्हणाला, "तुझं राज्य गेलं म्हणून जळतोस." बायकांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "जा, निज जा." म्बाह कर्तोला सांगितलं. त्याने ऐकलंच नाही असं दाखवलं.

म्हणून गेल्या आठवड्यापासून मी पार्दीच्या गाडीत पुढच्या सीटवर बसतो. भाडं देऊन. तो शिव्या देतो, मी उतरत नाही. सगळा उतार त्याच्याशी बोलत राहतो, त्याच्या बापाबद्दल, त्याच्या उधळ्या मेहुण्याबद्दल, काहीही, त्याला राग येईल असं. रागावलेला माणूस झोपत नाही. वळण आलं की माझा एक हात स्टिअरिंगजवळ असतो. मागे बायका पोट धरून हसतात. "बघा गं, झोपाळू आला राखण करायला!" म्हणतात. काल सामीने उशी आणून दिली मला, सगळ्यांसमोर.

उशी घेतली आणि पाठीमागे ठेवली. वाट लांब आहे आणि पार्दी अजून महिनाभर तरी ऐकणार नाही. रुमी विचारते, किती दिवस असं जाणार. मी म्हणालो, रोज, सगळ्या बायका उतरून घरी जातात तोवर.

गियार्तो